मुन्शीजींचं खानदान

आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांकडे गेलेला माणूस ठरल्या वेळी आपल्या घरी पोचला, असं अख्ख्या हैदराबादेत एकदाही घडलेलं नाही, हे मी पैज लावून सांगते. उशीर काकांच्या घरात होत नसे. तिथे एक चहा, काकूंचे दोन शब्द आणि काकांचे दोनशे शब्द एवढं झालं की पाहुणा उठायला मोकळा असे. उशीर होई तो उठल्यानंतर. पाहुण्याला दारातून निरोप देणं म्हणजे त्याला सभ्यपणे हाकलणं, असं काकांचं मत होतं. त्यामुळे ते त्याच्याबरोबर जिना उतरत, मग गल्लीच्या तोंडापर्यंत येत, मग चिक्कडपल्लीचा बाजार ओलांडून बसस्टॉपवर जात आणि बस आली की खिडकीतून राहिलेलं वाक्य पूर्ण करता करता पुष्कळदा स्वतःच आत चढत. काकूंच्या भावाला काचीगुड्याला गाडीत बसवायला गेले ते त्याच गाडीनं मेडचलपर्यंत जाऊन परत आले. बाबांच्या ऑफिसातले एक गृहस्थ मुंबईहून आमच्याकडे जेवायला आले होते. ते परत निघाले तेव्हा काका त्यांना जिन्यात भेटले. म्हणजे पाहुणे आमचे, पण पोचवायला गेले काका. स्टॉपवर पोचल्यावर त्या गृहस्थांना वाटलं, एवढे वयस्कर गृहस्थ आपल्यासाठी आले, त्यांना असं एकटं कसं सोडायचं? म्हणून ते काकांना पोचवायला परत गल्लीपर्यंत आले. आता ते गल्लीपर्यंत आलेत म्हटल्यावर काकांना त्यांना पुन्हा स्टॉपवर नेणं भागच होतं. शेवटी बाबांनी स्कूटर काढली, त्या गृहस्थांना मागे बसवलं आणि काका चप्पल सरळ करेपर्यंत पहिला गियर टाकला, म्हणून ते बिचारे हॉटेलवर पोचले.

"ह्यांना एखाद्या पाहुण्याबरोबर देऊनच टाकावं म्हणते मी," काकू वरून गॅलरीतून म्हणाल्या. "रोज रोज वापस आणायला नक्को."

काका यावर कधीच चिडत नसत. ते म्हणत, "बेटा, येणारा माणूस आपल्या मर्जीनं येतो. जाणारा एकटा जातो. चार पावलं त्याच्याबरोबर कुणीतरी जायला पाहिजे की नाही?" हे ते मला म्हणत, कारण त्या घरात त्यांचं बोलणं मध्येच न तोडणारी मी एकटीच होते. त्यात माझा काही मोठेपणा नव्हता. बाबांना एका कॉम्प्युटर कंपनीत नोकरी मिळाली म्हणून आम्ही पुण्याहून आलो होतो, मी आबिड्सजवळच्या एका कॉलेजात इंग्रजीतून बी.ए. करत होते आणि कुठल्याच भाषेत फारसं बोलत नव्हते. लोक मला शिष्ट समजत, नाहीतर आजारी. काकांनी यातलं काहीच मानलं नाही. माझ्या वाटणीचंही तेच बोलून टाकत आणि वर "फार छान बोललीस" अशी शाबासकी देत.

ते जामबागेतल्या एका शाळेतून ड्रॉइंग मास्तर म्हणून निवृत्त झाले होते. जगातली कुठलीही गोष्ट आधी एक डोळा मिटून, हात लांब करून, पेन्सिलीवर अंगठा सरकवत मोजल्याशिवाय ते तिच्याबद्दल मत देत नसत. आईनं केलेल्या पोळीचा मध्य डावीकडे सरकलाय हे त्यांनी जिन्यातून सांगितलं होतं. आईनं त्यांना ती पोळी दिली नाही. पण त्यांची खरी कला वेगळीच होती. ते वस्तूंना खानदान देत. त्या वर्षांत सगळ्यांच्याच घरी नव्या वस्तू येऊन पडत होत्या. रंगीत टीव्ही, केबल, मिक्सर, फेसाळणाऱ्या परदेशी पेयांच्या बाटल्या. सगळ्या चकचकीत, सगळ्या खोक्यातून कालच निघालेल्या. काकांना त्यांची दया येई. "कुणाचे कोण, काही पत्ता नाही बिचाऱ्यांचा," म्हणत आणि मग त्यांना पूर्वज बहाल करत. त्यांच्या छत्रीला तर मोठाच इतिहास होता: तिची मूठ एका बॅरिस्टरच्या काठीची, आणि ती काठी एका खटल्यात आशिलानं फी म्हणून दिलेली. छत्री मी स्वतः त्यांच्याबरोबर सुलतान बाजारात जाऊन आणली होती. हे त्यांनाही ठाऊक होतं. तरीही ते मलाच मोठ्या प्रेमानं ती गोष्ट सांगत आणि मी मान डोलावत असे. आमच्या नव्या मिक्सरला त्यांनी एका नवाबाच्या मुदपाकखान्याशी नातं जोडून दिलं, तेव्हापासून आई तो पुसताना जरा जपून पुसू लागली, असं मला नेहमी वाटतं.

तेव्हा काकांच्या कुत्र्याला खानदान नसेल, हे शक्यच नव्हतं. कुत्र्याचं नाव मुन्शीजी. भाजीबाजारामागे नाल्याच्या कामासाठी आणून टाकलेल्या सिमेंटच्या पाइपात तो पिल्लू असताना काकूंनाच सापडला होता, आणि "दूध पाजून सोडून द्या" असं सांगून त्यांनीच त्याला घरी आणलं होतं. रंग पाण्यात पडलेल्या बिस्किटासारखा. एक कान उभा, दुसरा दुमडलेला, आणि नाकाखाली दोन्हीकडे काळपट केसांच्या अशा काही रेषा की हा प्राणी एखाद्या कचेरीत लोकांचे अर्ज लिहून देत असावा असं वाटे. काका मला सोडून कुणालाच एकेरी हाक मारत नसत, तेव्हा ह्यालाही "या", "बसा", "जेवून घ्या" असंच होतं. "ह्यांचे पणजोबा एका जागीरदाराच्या शिकारखान्यात होते," काका सांगत. "समोर वाघ आला तरी जागेवरून उठत नसत."

"झोपलेले असतील," काकू म्हणत.

हे सगळं असंच चाललं असतं. पण आमचं घर होतं भाड्याचं, आणि मालकांनी ते एका बिल्डरला विकलं. तिथे कॉम्प्लेक्स होणार होतं. आम्हाला हिमायतनगरात जागा मिळाली. काकांचा मुलगा कॉम्प्युटरच्या नोकरीसाठी अमेरिकेला गेला होता आणि त्यानं आईवडिलांसाठी एका नव्या अपार्टमेंटमध्ये तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेऊन ठेवला होता. काकूंचे गुडघे दुखत, आणि त्या फ्लॅटला लिफ्ट होती. लिफ्टचं नुसतं नाव निघालं तरी काकूंचा चेहरा अर्धा मजला वर गेल्यासारखा दिसे. सगळं ठरलं. मग काका एकदा असोसिएशनच्या सेक्रेटरीसाहेबांना भेटून आले आणि त्या संध्याकाळी आमच्याकडे येऊन गप्प बसले. काका गप्प बसलेले पाहून आईनं आधी पाणी आणलं आणि मग त्यांना ताप आहे का ते विचारलं.

त्या बिल्डिंगीत रस्त्यावरची कुत्री चालणार नव्हती. जातिवंत असेल तर हरकत नव्हती. सेक्रेटरीसाहेब हे तेलुगू गृहस्थ, बँकेतून निवृत्त झालेले, माणूस वाईट नव्हता. ते स्वतः कुत्र्यांचे शौकीन होते. गंडिपेटच्या पुढे त्यांच्या एका मित्राच्या आंब्याच्या बागेत दर उन्हाळ्यात ते आणि चार मंडळी मिळून हौसेखातर कुत्र्यांचा मेळावा भरवत. त्यांनी काकांना सांगितलं, "मास्टरगारू, तुमचं कुत्रं तिथे घेऊन या. 'बसून राहा'च्या स्पर्धेत उतरवा. चांगलं वागलं तर मी कमिटीपुढे बोलतो. नाहीतर मला काही करता यायचं नाही."

म्हणजे त्या बागेत मुन्शीजी कसे बसतात यावर ते कुठे राहणार हे ठरणार होतं. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत काकांचा आवाज परत आला होता. "बेटा, शिकारखान्याचं रक्त आहे. बसणं तर ह्यांच्या घराण्यात आहे," ते म्हणाले आणि गच्चीवर तालीम सुरू झाली. काकांची पक्की समजूत होती की फ्लॅटमधल्या कुत्र्यांशी इंग्रजीतच बोलावं लागतं, म्हणून इंग्रजी खातं माझ्याकडे आलं. मी रोज संध्याकाळी टाकीजवळ उभी राहून "स्टे" म्हणायची. पण मी ते इतकं हळू म्हणत असे की ऐकायला मुन्शीजी उठून जवळ येत. काका म्हणत, "फार छान म्हणालीस, पण त्यांना तिथेच ऐकू जाईल असं म्हण." मी आवाज चढवला की शेजारच्या गच्चीवरचे लोक बघत आणि मी टाकीमागे जायची, आणि मुन्शीजीही माझ्यामागोमाग टाकीमागे येत. शेवटी इंग्रजी सुटलं. काकांनी आपल्या नेहमीच्या भाषेत सांगितलं, "मुन्शीजी, बसून राहा, मी आलोच," आणि ते पान आणायला कोपऱ्यावर गेले. कोपऱ्यावर त्यांना कोणीतरी भेटलं. त्या कोणालातरी पोचवून ते परत आले तेव्हा दिवे लागले होते, आणि मुन्शीजी जिथे बसवले होते तिथेच, तोंड जिन्याकडे करून बसलेले होते. अशा पोचवण्यांमुळे त्यांचा सराव फार उत्तम झाला.

बागेत जायला एक ट्रॉलीवाला ऑटो ठरवला, कारण बसमध्ये मुन्शीजींना घेईनात. मागे सतरंजी घालून काका, काकू, मी आणि मधोमध शिकेकाईनं न्हालेले मुन्शीजी. काकांनी उन्हाळ्यात बंद गळ्याचा काळा कोट घातला होता. काकूंच्या मांडीवर दहीभाताचा डबा होता. ऑटोवाल्यानं आमच्याकडे वळून पाहिलं आणि विचारलं, "क्या साब, कुत्ते की शादी है क्या?"

"इम्तेहान है मियाँ," काका म्हणाले, "जरा हल्लू चलाओ."

त्या बागेत पोचल्यावर मला पहिल्यांदा वाटलं ते हे, की इथे सगळे एकमेकांना ओळखतात. मग लक्षात आलं, माणसं नव्हे, कुत्री ओळखतात. झाडांना कैऱ्या लागलेल्या, खाली शामियाना, बर्फाच्या टपात थंड पेयांच्या बाटल्या, मोकळ्या जागेत चुन्याच्या रेघा. एक भलं मोठं कुत्रं गारगार गाडीत मागच्या सीटवर आडवं होतं आणि त्याचा ड्रायव्हर बाहेर उन्हात उभा होता. ("ह्याला म्हणतात नशीब," काकू म्हणाल्या.) एका बुटक्या लांबड्या कुत्र्याला जरीकाठाचा परकर नेसवला होता. सगळ्यात लवकर बिस्किट खाणाऱ्याची स्पर्धा होती, सगळ्यात जोरात शेपूट हलवणाऱ्याची होती आणि आपल्या मालकासारखं दिसणाऱ्याचीही होती. तिच्यात बक्षीस मिळालेल्या बाई काही फार खूश दिसल्या नाहीत. टेबलावर नाव नोंदवणाऱ्या मुलीनं काकांना जात विचारली. काकांनी कोटाचं बटण लावलं आणि जागीरदाराकडच्या पणजोबांपासून सुरुवात केली. वाघ येईपर्यंत आमच्यामागे बरीच मोठी रांग लागली होती, पण रांगेतले लोकही पुढे सरकून ऐकत होते आणि शेवटी मुलीनं हसत हसत तो रकाना तसाच सोडून आम्हाला पुढे पाठवलं.

आम्ही शामियान्यात बसलो. शेजारच्या खुर्चीवर सिकंदराबादेहून आलेल्या एक वयस्कर बाई होत्या. त्यांच्या वेताच्या टोपलीत एक पांढरं, डोळे दुधाळ झालेलं म्हातारं कुत्रं होतं. दोन बस बदलून आल्या होत्या. काकांनी पाच मिनिटांत त्यांच्या टोपलीचं खानदान शोधून काढलं आणि त्या हसल्या. बाकी कोणी त्यांच्याशी बोलताना मला दिसलं नाही.

'बसून राहा'ची स्पर्धा दुपारी होती. नियम सोपा होता. कुत्री मध्ये ओळीनं बसवायची आणि मालकांनी लांब चुन्याच्या रेघेमागे उभं राहायचं. जे कुत्रं उठलं किंवा आडवं झालं ते बाद, आणि ज्या मालकानं रेघ ओलांडली त्याचंही बाद. शिट्टी सेक्रेटरीसाहेबांच्या हातात. काकांनी मुन्शीजींच्या कानाशी वाकून "बसून राहा, मी आलोच" असं सांगितलं आणि ते रेघेमागे जाऊन उभे राहिले. शिट्टी वाजली. बाईंचं म्हातारं कुत्रं लगेच आडवं होऊन झोपी गेलं, ते पहिलं बाद. एका झाडावरून कैरी पडली, तिच्यामागे तिघं गेले. गारगार गाडीतलं कुत्रं उठून सरळ गाडीत जाऊन बसलं. परकरवाल्याला परकर टोचायला लागला. होता होता मैदानात दोघं उरले. एका तरुण मुलाचा डॉबरमन आणि आमचे मुन्शीजी. डॉबरमनची मागची तंगडी थरथरत होती. मुन्शीजी मात्र अर्ज लिहून झाल्यावर साहेबांच्या सहीची वाट बघावी तसे निवांत बसले होते. काकूंनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की बांगडी रुतली. "बस रे माझ्या राजा," त्या पुटपुटत होत्या, "बस. लिफ्टमध्ये तुला रोज वरखाली फिरवते."

मी मात्र काकांकडे बघत होते, म्हणून मला ते आधी दिसलं. त्या सिकंदराबादच्या बाई निघाल्या होत्या. त्यांनी कुत्र्याला टोपलीत ठेवलं, वर ओला नॅपकिन घातला, टोपली या हातातून त्या हातात घेतली आणि सगळ्यांची पाठ त्यांच्याकडे असताना त्या उन्हातून एकट्या फाटकाकडे चालू लागल्या. फाटकापासून बसचा रस्ता बराच लांब होता. काकांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग मुन्शीजींकडे. मग पायाखालच्या चुन्याच्या रेघेकडे. त्यांचा एक पाय उचलला गेला आणि परत जागेवर आला. त्यांनी हात मागे बांधले. मान वळवली. पुन्हा त्या दिशेला पाहिलं. बाई आता टोपली खाली ठेवून दम घेत होत्या.

"बघू नका तिकडे," काकू काकांना उद्देशून, पण माझ्याच कानाशी म्हणाल्या. त्यांनाही दिसलं होतं. "अहो, नक्को बघू!"

काका रेघ ओलांडून निघाले. धावले नाहीत. नेहमीच्याच चालीनं गेले, टोपली उचलली, काहीतरी बोलले आणि दोघं फाटकाबाहेर दिसेनासे झाले. शिट्टी वाजली, लाउडस्पीकरवरून मुन्शीजी बाद झाल्याचं सांगितलं गेलं, लोक हसले, आणि पुढच्याच क्षणी डॉबरमन उठून अंग झटकू लागला. त्याला बक्षीस मिळालं. काकू खुर्चीवर बसल्या आणि पदरानं वारा घेऊ लागल्या. आता काही उरलं नव्हतं.

फक्त मुन्शीजी बसलेले होते. मैदान रिकामं झालं तरी ते हलले नाहीत. काकूंनी हाक मारली, डबा उघडून दाखवला. त्यांनी दहीभाताकडे पाहिलं, ओठ चाटले आणि पुन्हा फाटकाकडे तोंड केलं. पुढच्या शर्यतीसाठी पोरं दोऱ्या घेऊन आली. ऊन सरकून थेट त्यांच्या डोक्यावर आलं होतं. मी काकांच्या खुर्चीवरून ती बॅरिस्टरची छत्री उचलली आणि मैदानाच्या मध्यापर्यंत चालत गेले. एवढ्या लोकांसमोर मी त्याआधी कधी चालले नव्हते. मी छत्री उघडून त्यांच्यावर धरली आणि उभी राहिले. सेक्रेटरीसाहेब लगबगीनं आले. आमचं बोलणं इंग्रजीत झालं.

"हे कुत्रं जरा बाजूला घ्या."

"माझं नाही ते. आणि ते येणार नाही. त्याला थांबायला सांगितलंय."

"स्पर्धा संपली!"

"त्याला स्पर्धेचं माहीत नाही."

"मग मास्टरगारू परत कधी येणार?"

"बस कधी येते त्यावर आहे," मी म्हणाले. एवढं सगळं एका दमात बोलल्यावर माझे कान गरम झाले, पण छत्री हलली नाही.

सेक्रेटरीसाहेब मुन्शीजींकडे बघत राहिले. मग त्यांनी शर्यत आमच्याभोवतूनच घेतली. कुत्री डावीकडून आणि उजवीकडून धावत गेली, परकरवाला तर माझ्या पायांमधून गेला. मुन्शीजींनी एकदाही मान वळवली नाही. लोक हळूहळू हसायचे थांबले होते.

काका आले ते एका दूधवाल्याच्या मोटारसायकलवर, कॅनच्या मधोमध बसून. लंगरहौजपर्यंत जावं लागलं, ते म्हणाले, बाईंना खिडकीची जागा मिळेना.

"सिकंदराबादपर्यंतच जायचं होतं," काकू म्हणाल्या. "चहा पिऊन आला असता."

"म्हणत होत्या त्या. पण इथे मुन्शीजी बसलेत ना." मग ते मैदानात आले, माझ्या हातून छत्री घेतली आणि म्हणाले, "या." मुन्शीजी उठले, आधी पुढचे, मग मागचे पाय ताणले आणि काकांच्या कोटाला नाक पुसलं.

सेक्रेटरीसाहेबांनी काकांना आंब्याच्या सावलीत नेलं. काकू आणि मी मागोमाग होतो. "बक्षीस मी देऊ शकत नाही," ते म्हणाले, "रेघ तुम्ही ओलांडलीत. पण असं कुत्रं मला बिल्डिंगीत पाहिजे. कमिटीला फक्त जात लागते. मी सांगतो की हा कारवान हाउंड आहे, दख्खनची शिकारी जात. कोण बघायला बसलंय? कुणी विचारलं तर तुम्हीही तेच सांगा. बस्स."

मी सुस्कारा सोडला. जगात काकांना याहून सोपं काम कुणीच दिलं नसतं. काकूंनी तर हात जोडले. काका मात्र एक डोळा मिटून मुन्शीजींकडे बघत होते. हातात पेन्सिल नव्हती, नुसता अंगठा हलत होता.

"नाही साहेब," ते म्हणाले. "हे चिक्कडपल्लीचे आहेत. बाजारामागच्या पाइपातले."

"अहो!" काकू ओरडल्या. "आजवर काय सांगत होता मग? जागीरदार काय, वाघ काय!"

"ती गोष्ट आहे," काका म्हणाले. त्यांचा आवाज मी कधी ऐकला नव्हता इतका खाली होता. "सांगणाऱ्यालाही ठाऊक असतं आणि ऐकणाऱ्यालाही. दोघं हसतात. हे तसं नाही. हे सांगायचं, म्हणजे मग ह्यांना रोज लपवून ठेवायचं. जिन्यात कुणी भेटलं की लपवायचं. साहेब, तुमची फार मेहेरबानी. पण तुमच्याकडे ते कारवानसाहेब राहतील. आमचे मुन्शीजी कुठे राहतील?"

सेक्रेटरीसाहेबांनी थोडा वेळ शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळली, मग काकांचा हात हातात घेतला आणि निघून गेले.

आम्ही ऑटोनं परत निघालो. गंडिपेटच्या तलावाचं पाणी बराच वेळ बाजूनं दिसत होतं. लंगरहौज गेलं, तेव्हा काकूंनी डबा उघडला, झाकणात दहीभात काढून मुन्शीजींपुढे ठेवला आणि बाहेर बघत म्हणाल्या, "तळमजलाच बघा मग. जिने माझ्याच्यानं होत नाहीत."

त्यांना जामबागेत, काकांच्या जुन्या शाळेजवळ, तळमजल्यावर दोन खोल्या मिळाल्या. खोल्यांत दिवसाही दिवा लावावा लागे. फ्लॅट मुलानं भाड्यानं दिला. तो चार-सहा महिने फोनवर चिडून बोलला आणि मग नुसता बोलू लागला. आम्ही हिमायतनगरला गेलो. आमच्याकडे लिफ्ट आहे. काकू पहिल्यांदा आल्या तेव्हा तिच्यातून वर आल्या, मला म्हणाल्या, "आत आरसा ठेवलाय ग. म्हातारपण बघायला," आणि जाताना पुन्हा हौसेनं तिच्यातूनच गेल्या.

चिक्कडपल्लीचं घर त्याच उन्हाळ्यात पाडलं. त्यानंतर एकदा लायब्ररीतून येताना मी त्या गल्लीत वळले. उगीचच. आमच्या घराच्या जागी मोठा खड्डा होता, कडेला निळ्या प्लॅस्टिकच्या झोपड्या आणि सळ्यांचे ढीग. काका खड्ड्याच्या काठावर उभे होते. मला पाहून त्यांना आश्चर्य वाटलं नाही. "मुन्शीजी रोज येतात इथे," ते म्हणाले. "सकाळी दार उघडलं की निघतात जामबागेहून. कोटी, नारायणगुडा, सगळा रस्ता पाठ झालाय. दुपारी मी न्यायला येतो."

"आणि मग येतात?"

"येतात. हट्ट नाही करत." मग थोड्या वेळानं म्हणाले, "त्यांना वाटत असेल, मीच 'बसून राहा' सांगायला विसरलो."

 त्या दिवशी काका माझ्या वाटणीचं काही बोलले नाहीत. मी काठाशी जाऊन वाकून पाहिलं. खाली, जिथे आमचा जिना संपायचा, बरोबर तिथे मुन्शीजी बसले होते. आजूबाजूला ओळखायला एक वीटही उरलेली नव्हती, तरी जागा चुकली नव्हती. डोक्यावर माती घेऊन बायका रांगेनं वर येत होत्या, आणि मुन्शीजींजवळ पोचलं की प्रत्येक बाई, कुणी न सांगता, जरासा वळसा घालून जात होती.